गाडी ओळखा पाहू!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. मंडईत समोरून येणाऱ्या बाईच्या अंगावर इरकल आहे की गढवाल, हे तुम्ही दहा पावलांवरून सांगाल की नाही? सांगालच. पण त्याच वेळी तुमच्या शेजारून कोणती मोटार गेली, असे कोणी विचारले तर? "पांढरी होती बाई," एवढेच आपण सांगणार. त्यात आपला तरी काय दोष? हल्लीच्या मोटारी म्हणजे एकाच साच्यातून काढलेले मोदक. पण याच गर्दीत, रिक्षा आणि दुचाक्यांच्या मधून, अधूनमधून एखादी पन्नास-साठ वर्षांची गाडी आपल्या चालीने चाललेली असते. कुठल्या प्रदर्शनाला नव्हे, तर दळण आणायला किंवा नातवाला शाळेतून घ्यायला. अशा गाड्या ओळखायच्या कशा आणि त्या अजून रस्त्यावर आहेत त्या कशामुळे, हे आज सांगायला बसले आहे.

मला हा नाद लागला तो काही हौसेने नाही. २०१९ साली आमच्या ह्यांना काचबिंदू असल्याचे कळले. हा आजार बहुतेक वेळा मुकाट्याने येतो. दुखत नाही, खुपत नाही, समोरचे दिसत राहते आणि कडेची नजर हळूहळू जाते. गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांत थेंब घालायचे ते उरली आहे ती राखण्यासाठी. (तुमच्या घरात कोणाला हा त्रास असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या हो. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे झाले असे नसते.)

ह्यांचे गाडी चालवणे बंद झाले आणि बोलणेही कमी झाले. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी माझ्या दंडाला धरून मुकाट चालायचे. मी आपली बोलत राहायची, कांदा महागला, अमकीच्या मुलीचे ठरले. एकदा मागून एक गाडी गेली आणि हे एकदम थांबले. "फियाट होती ना? मागचे दिवे कसे होते गं?" मी म्हटले, "उभे. आणि वर अशी बारीक शेंडी निघाल्यासारखी." "मग डिलाइट नाहीतर पद्मिनी!" किती महिन्यांनी आवाजात तो जोर ऐकला! तेव्हापासून आमचे ठरूनच गेले. डोळे माझे, माहिती ह्यांची. मी नाक-डोळे सांगायचे आणि ह्यांनी नाव सांगायचे. पाच-सहा वर्षांत मीही बऱ्यापैकी तयार झाले आहे.

तुम्हालाही जमेल, बघा हं. पहिली ओळख नंबराच्या पाटीवरून. आपल्या कोल्हापूरच्या गाडीची पाटी 'एमएच ०९' अशी सुरू होते. पण पाटीवर नुसती तीन अक्षरे आणि पुढे आकडे असले, जिल्ह्याचा आकडाच नसला, तर समजावे की गाडी नव्वद सालाच्या आधी नोंदलेली आहे. तेवढ्यावर अर्धे काम झाले.

मग चेहरा बघायचा. सर्वांत सोपी अँबॅसडर. गोल दिवे, फुगीर बॉनेट आणि आत खुशाल सहा माणसे मावतील अशी बैठक. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. पुढची जाळी विटांच्या भिंतीसारखी चौकटीचौकटींची दिसली तर ती मार्क टू, म्हणजे १९६३ ते १९७५ या काळातली.

दुसरी आपली फियाट. ही खरी घरची म्हणायची, कारण ती मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, आणि तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत. नावावर जाऊ नका, फार गुणी गाडी. तिची पुढची दारे उलटी, म्हणजे कपाटासारखी मधल्या खांबावरून उघडायची. नऊवारीतल्या बायकांना आत बसायला हे फार सोयीचे. पुढे डिलाइट आली, मग १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव आले. गिअरचा दांडा स्टिअरिंगला आणि पुढची बैठक सलग बाकासारखी. त्यामुळे नवरा, बायको आणि मधे पोर, असे तिघे पुढे बसता यायचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. त्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा होती. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. घरगुती पद्मिनी मात्र अजून दिसतात.

तिसरी जरा दुर्मीळ, स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून दहाएक वर्षे निघाली. अंगाने सडपातळ, कडा धारदार, आणि बरीचशी दोनच दारांची. बॉनेट उघडायचे झाले तर चाकांवरच्या पंखांसकट सगळे नाकच पुढे कलते. मगरीने जबडा उघडावा तसे, फक्त उलट्या बाजूने! आणि वळायची इतक्या कमी जागेत, की आपल्या शिवाजी पेठेतल्या बोळातसुद्धा तिचे अडायचे नाही. गेल्या दोन वर्षांत मला दोनच दिसल्या. त्यातली एक गॅरेजच्या दारात होती, पण धुऊन-पुसून.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात राहून तू मेबॅकचे नाव कसे घेतले नाहीस? घेते ना. छत्रपती घराण्याची ती १९३० च्या दशकातली जर्मन गाडी दसऱ्याला बाहेर निघते, तेव्हा अख्खे गाव दसरा चौकात लोटते. ती बघून माझाही ऊर भरून येतो. पण तिच्या मागे राजघराणे आहे. शाहूपुरीत एखाद्या वाण्याच्या दारात उभ्या असलेल्या अँबॅसडरच्या मागे कोण आहे? एक कुटुंब, एक मेस्त्री आणि महिन्याच्या खर्चाची वही. आणि ती वही बहुतेक घरांत कोणाच्या हातात असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

या गाड्या इतकी वर्षे टिकल्या कशा, याचे कारण आजच्या मुलींना नवल वाटेल असे आहे. त्या काळी बाहेरच्या देशांतून गाडी आणणे जवळजवळ बंद होते आणि देशात मोटारी करणारे मोठे कारखाने तीनच होते, उत्तरपाडा, कुर्ला आणि मद्रास. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. आमच्या मामंजींचा गुळाचा अडत व्यापार होता. त्यांनी १९६० साली नाव नोंदवले आणि डिलाइट दारात आली ती १९६६ साली. सासूबाई सांगत, पहिल्या दिवशी तिला ओवाळले तेव्हा मामंजींच्या डोळ्यांत पाणी होते. असे मिळालेले कोण टाकून देईल? झिजले ते बदलायचे, मोडले ते सांधायचे. नवा भाग मिळाला नाही तर आमच्या उद्यमनगरात लेथवर करून घ्यायचा. मी १९७९ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा गाडी तेरा वर्षांची होती आणि डिकीला गुळाचा वास येत होता. माझी दोन्ही बाळंतपणे, नणंदेची पाठवणी, मामंजींचे शेवटचे दवाखान्यात जाणे, सगळे तिच्यातूनच झाले.

ह्यांची नजर गेली तशी ती गाडी आडोशाला उभी राहिली. वर ताडपत्री घातली. लगोलग २०२० ची टाळेबंदी आली. हे रोज सकाळी जाऊन ताडपत्रीवरून हात फिरवायचे, ते मला बघवत नसे. धाकटा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "आई, भंगारात दे ना, जागा तरी मोकळी होईल." थोरला म्हणायचा, "राहू दे, आजोबांची आठवण आहे." दोघांचे म्हणणे खरे. पण दोघांनाही ती रोज दिसत नव्हती. भंगारवाला येऊन गेला आणि त्याने वजनावर भाव सांगितला. हे आत निघून गेले. मी त्याला चहा दिला आणि पाठवून दिले.

मग आमच्या जुन्या मेस्त्रींना बोलावले. चार वर्षांनी ताडपत्री काढली तेव्हा काय दिसले म्हणता? सीटमध्ये उंदरांनी घर केलेले, वायरी कुरतडलेल्या, ब्रेक धरून बसलेले, टायर एकाच बाजूला चेपलेले, टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट राळ झालेला. मेस्त्री म्हणाले, "वैनी, गाडी पळून खराब होत न्हाई. उभी ऱ्हाऊन खराब हुती."

हे वाक्य ऐकले आणि मला माझी पैठणी आठवली. आई सांगायची, पैठणी कपाटात जपून ठेवलीस की जपली असे समजू नकोस. अधूनमधून नेस, निदान घडी तरी बदल, नाहीतर त्याच घडीवर चिरेल. तव्याचे तसेच, विहिरीचेही तसेच. वापरात राहते ते टिकते. रस्त्यात भेटणाऱ्या त्या जुन्या गाड्यांचे इंगित हेच आहे. त्या जपून ठेवलेल्या आहेत म्हणून चालत नाहीत, तर चालतात म्हणून टिकल्या आहेत.

त्या रात्री मी हिशोब मांडला. दुरुस्तीचा खर्च एका बाजूला आणि आमचे उरलेले प्रवास दुसऱ्या बाजूला. मला गाडी येत नाही, ह्यांना आता चालवता येत नाही, मुले बाहेर. मी ह्यांना स्पष्टच विचारले, "ती आपल्या दारात मेलेली हवी की दुसऱ्याच्या दारात चालती?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चालती."

मेस्त्रींच्याच ओळखीने इचलकरंजीचे एक तरुण जोडपे आले. त्याच इचलकरंजीचे, जिथल्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी देशी मोटार स्वतःच्या डोक्याने तयार केली होती. ती कारखान्यातून कधी निघालीच नाही, त्यामुळे ती काही आपल्याला रस्त्यात भेटायची नाही. मुलगा यंत्रमागाच्या भागांच्या धंद्यात, सूनबाई बँकेत. मुलीनेच आधी आत बसून गिअरचा दांडा हलवून पाहिला. किमतीची घासाघीस मी केली. ह्यांनी एकच अट घातली, "आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा." गाडी टेम्पोवर चढली तेव्हा ह्यांनी हात उचलून नमस्कार केला. मला रडू आले, नाही कशाला म्हणू? पण त्या रात्री हे शांत झोपले. दोन महिन्यांनी त्या मुलीने फोनवर इंजिनचा आवाज ऐकवला. ह्यांनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाले, "टॅपेट जरा वाजतायत, सांग त्यांना."

तुमच्याही घरामागे अशी एखादी झाकलेली असेल तर तिचे काय करायचे ते लवकर ठरवा. ठेवायची तर आठवड्याला थोडी तरी फिरवा. तेवढेही जमणार नसेल तर टाकी रिकामी करा, बॅटरीची तार सोडा, आणि महिन्यातून एकदा ताडपत्री उचलून उंदीर बघा. कागदांकडे लक्ष असू द्या. घरगुती गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंदणी मिळते. पण तशी नोंदणी केली की ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, हे लक्षात घेऊनच अर्ज करा. आणि कोणाला दिलीत तर कागदावरचे नाव बदलल्याची खात्री करून घ्या. माया वेगळी आणि व्यवहार वेगळा.

आणि हो, जुने म्हणजे फियाट-अँबॅसडरच असे नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी नव्या नवऱ्या होत्या! तीही २०१४ मध्ये निघायची बंद झाली. चपट्या तोंडाची ती पहिली मारुती आज दिसली तर मी ह्यांचा दंड ओढून सांगते.

तेव्हा उद्या बाजारात जाल तेव्हा जरा रस्त्याकडेही बघा. एखादी जुनी गाडी उभी दिसली आणि मालक जवळ असला, तर संकोच करू नका. "कितव्या सालची हो?" एवढेच विचारा. पण उत्तर दोन मिनिटांत संपायचे नाही, म्हणून हातातली भाजीची पिशवी आधी खाली ठेवा!