बर्फातला डोंगर आणि कोबीचे लोणचे

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही उभयता कोरियाला जाणार हे कळताच बहुतेकांनी दोनच प्रश्न विचारले : "ऐन थंडीत?" आणि "तिथे खाणार काय?" प्रश्न रास्त होते. त्या दिवसांत सोल शहरी पारा कधी कधी शून्याखाली दहा अंश उतरतो, आणि आम्ही महाबळेश्वरलाही दोन दोन शाली नेणारी माणसे! पण भाचा तिथल्या एका विद्यापीठात संशोधन करतो. त्याचे आग्रहाचे बोलावणे होते.

दुसरे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. त्या वर्षीच्या वैशाखात माझी आई गेली. तिचे तीन वर्षांचे आजारपण सौ.नेच काढले. आई गेली आणि हिची अन्नावरची वासनाच उडाली. स्वयंपाक वेळेवर होई, आम्हाला आग्रहाने वाढले जाई. स्वतःच्या पानात मात्र ती नुसती बोटे फिरवी.

सोल हे डोंगरांच्या कुशीत वसलेले शहर आहे. उत्तरेला बुखानसान हा डोंगर; १९८३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर बेगुंदे, उंची ८३६ मीटर. आपली कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे हे तिच्या जेमतेम निम्मे. पण आकड्यांवर जाऊ नये. हिवाळ्यात वाटेवरचे बर्फ दगडासारखे कठीण होते. बुटांखाली लोखंडी काट्यांच्या साखळ्या बांधल्याशिवाय पाऊल ठरत नाही. वर १७११ साली बांधलेल्या किल्ल्याचा तट लागतो, आणि त्यापुढे उघडाबोडका कातळ. त्यावर लोखंडी दोर ठोकले आहेत. त्यांना धरून चढायचे.

दोरापाशी येताच सौ. थांबली. "तुम्ही जाऊन या. मी बसते इथंच."

मागून सत्तरीची एक आजीबाई येत होती. कोरियात साठी-सत्तरीची माणसे बाजारात जावे तशी डोंगरावर जातात! भाषेचा प्रश्नच नव्हता. तिने सौ.चा हात उचलून दोरावर ठेवला, आणि स्वतः एक पाऊल पुढे राहून, मागे वळून बघत बघत तिला वर नेले. शिखरावर वारा असा की डोळ्यांतून पाणी यावे. खाली सारे सोल पसरलेले. आजीबाईंनी खिशातून एक छोटे संत्रे काढले, सोलले आणि फोडी सौ.च्या तळहातावर ठेवल्या. तिने त्या सगळ्या खाल्ल्या. मी पाहिले, पण बोललो नाही.

पायथ्याच्या खानावळीत मांडी घालून बसलो. जमीन खालून ऊबदार होती. कोरियन घरांतली ही जुनी सोय, तिला ओंदोल म्हणतात. भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठल्यासारख्या गोळ्याचे वाफाळते कालवण, ओकच्या फळांच्या पिठाच्या थरथरत्या वड्या, आणि भोवती लहान लहान वाट्या. आपल्या पानाची डावी बाजूच जणू! त्यांत किमची नसेल तर ते जेवणच नव्हे. सौ.ने एक घास घेतला आणि एकदम म्हणाली, "अहो, यात सुकट आहे!"

खरेच होते. कोबी मिठात मुरवून, धुऊन, त्याच्या पानापानाला तिखट, लसूण, आले, मुळा आणि खारवलेली बारीक कोळंबी यांचे वाटण चोपडतात, मग ते आंबू देतात. मालवणच्या सासूच्या हाताखाली तयार झालेल्या सुनेचे नाक फसेल कसे? "सासूबाई म्हणाल्या असत्या, मीठ अंमळ जास्त झालंय," ती म्हणाली आणि हसली. आईचे नाव निघून डोळ्यांना पदर लागला नाही, असे त्या वर्षात प्रथमच घडत होते.

हिवाळ्याच्या तोंडी तिथे घरोघर किमची घालतात. आपल्याकडे पापड-कुरडयांना जमतात तशा शेजारणी जमतात, आणि झालेला माल वाटून घेतात. किमजांग नावाच्या या प्रथेची २०१३ साली युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. पूर्वी मातीचे रांजण जमिनीत पुरत. आता किमचीचे खास फ्रीज असतात. गंमत अशी, की ज्या तिखटावाचून त्यांचे आणि आपले पान हलत नाही, ती मिरची मूळची दोघांचीही नव्हे. अमेरिकेतून निघून पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात गोव्यात उतरली, आणि साधारण त्याच शतकाच्या अखेरीस कोरियात पोचली.

दक्षिणायन संपते त्या दिवशी, म्हणजे 'दोंगजी'ला, आमच्या घरमालकीणबाईंनी लाल चवळीसारख्या दाण्यांची दाट पेज आणून दिली. तीत तांदळाच्या पिठाच्या गोळ्या. लाल रंगाने इडापीडा टळते असा जुना समज. पेज संपल्यावर बाईंनी सौ.ला गच्चीवरचे रांजण दाखवले. एक मराठीत बोलत होती, दुसरी कोरियनमध्ये; अर्धा तास दोघींचे उत्तम जमले.

वाचकांपैकी कोणी हिवाळ्यात तिकडे निघालेच, तर लोकरी मोजे दोन जोड घ्यावेत आणि लोणच्याची बरणी खुशाल घरी ठेवावी. आमच्याकडे पौषात पहिली किमची झाली. कोबी मंडईतला, सुकट मालवणची. घरभर असा वास सुटला, की मुलांनी खिडक्या उघडल्या. सौ.ने मात्र तिच्याबरोबर दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.