‘कटु’ म्हणजे कडू नव्हे

सुंठ, मिरी आणि पिंपळी या तिघींना मिळून आयुर्वेदात ‘त्रिकटु’ म्हणतात. यांपैकी एकही कडू नाही. तिन्ही जिभेला झोंबतात. तरीही मराठी वाचक ‘कटु’ हा शब्द दिसताच ‘कडू’ समजतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. ‘कडू’ हा शब्द ‘कटु’पासूनच आलेला आहे, वाटेत त्याची चव तेवढी बदलली.

षड्रसांच्या परिभाषेत कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मिरी कटु, कडुनिंब तिक्त. मराठीने कटुचे रूप घेतले आणि त्यात तिक्ताची चव भरली. झोंबणाऱ्या चवीसाठी ‘तीक्ष्ण’शी नाते सांगणारा ‘तिखट’ रूढ झाला.

शेजारच्या भाषांत तर आणखी गंमत आहे. उत्तरेत मोहरीच्या तेलाला ‘कडवा तेल’ म्हणतात. ते कडू असते म्हणून नव्हे. संस्कृतातील ‘कटुतैल’ तेथे जुन्या अर्थासह टिकून आहे. बिहारमध्ये ‘तीत’ म्हणजे तिखट, तर बंगालमध्ये ‘तेतो’ म्हणजे कडू, आणि दोन्ही शब्द तिक्ताचेच वंशज! मात्र सारा गोंधळ देशी भाषांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कुटकी ही वनस्पती कडूजहर, शास्त्रानुसारही तिक्त रसाची. तिचे संस्कृत नाव मात्र ‘कटुका’. म्हणजे ही सीमारेषा संस्कृतातच पुसट होऊ लागली होती.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. आयुर्वेदाच्या मते कटु रस पित्त वाढवतो, तर तिक्त रस पित्त शमवतो. अनुवादकाने कटुचे ‘कडू’ किंवा इंग्रजीत ‘बिटर’ केले, की वैद्याचा सल्ला नेमका उलटा होतो.

मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९च्या कोशात कटुला ‘पंजंट’ हा प्रतिशब्द आहे. त्याचे मूळ ‘टोचणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. तीक्ष्ण म्हणजे धारदार; या चवीसाठी दोन्हीकडे शस्त्राचीच उपमा सुचावी, हे लक्षणीय आहे. बोलीतल्या इंग्रजीत मात्र ‘हॉट’ चालतो, आणि मग चहाही हॉट, ठेचाही हॉट. मराठीत गरम वेगळे, तिखट वेगळे.

तरी ‘तिखट’ हा प्रतिशब्दही निर्धोक नाही. चरक-सुश्रुतांना मिरची ठाऊक नव्हती. मूळची अमेरिकेची ही वनस्पती १६व्या शतकात पोर्तुगीजांमार्फत येथे आली. मिरीवरून तिला नाव मिळाले, आणि पुढे ‘तिखट’ हे विशेषण तिच्याच पुडीचे नाव होऊन मसाल्याच्या डब्यात जाऊन बसले. आज कटुचा अनुवाद अचूकपणे ‘तिखट’ असा केला, तरी वाचकाच्या डोळ्यांसमोर लाल मिरचीच येते. ग्रंथकाराला अभिप्रेत होती ती काळी मिरी.