न सांगितलेली गोष्ट

प्रवासास निघालेल्या मनुष्याला दोन प्रकारची भूक असते. एक पाहण्याची व दुसरी ऐकण्याची. पहिली डोळ्यांनीं भागते व तीस फारसें कोणी आड येत नाहीं. दुसरीचें तसें नाहीं. देऊळ दिसलें कीं त्याची कथा हवी, बुरूज दिसला कीं त्यावरून कोणाचा कडेलोट झाला तें हवें, आणि वाटाड्या घटकाभर गप्प बसला तर आपले पैसे फुकट गेले असें वाटूं लागतें. वाटाड्यांनाहि हें ठाऊक असतें. म्हणून जेथें कथा नसते तेथें ते ती तयार करून देतात. आपल्याकडील कोणत्याहि किल्ल्यावर याचा अनुभव येईल. अशा संवयीचा मनुष्य ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं असलेल्या उलुरू येथें एक दिवसाच्या सहलीस गेला, तर त्याची पंचाईत होते. माझी झाली.

उलुरू हा एकच एक कातळ आहे. चहूंकडे तांबड्या मातीचें सपाट रान, आणि मध्यें हा ३४८ मीटर उंचीचा व सुमारें साडेनऊ किलोमीटर घेराचा खडक. मोठें गांव म्हणावें असें ॲलिस स्प्रिंग्ज; तें रस्त्यानें सुमारें साडेचारशें किलोमीटर दूर. प्रवाशांकरितां अलीकडे वसविलेल्या यूलारा नांवाच्या वसाहतींतून आमची गाडी पहांटे निघाली. जुलै महिना तिकडे हिवाळ्याचा. हातमोजे घालूनहि बोटें वळत नव्हतीं. वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जैसलमेरकडील उघड्या वाळूच्या लाटा येतात. येथें तसें नाहीं. कांटेरी गवताचे झुबके, करड्या पानांचीं मल्गाचीं झुडपें, आणि मधूनमधून 'वाळवंटी ओक' म्हणतात तें झाड. लहानपणीं हें झाड पिसाऱ्यासारखें अंग आंवळून सरळ उभें असतें. मुळें खोलवरच्या पाण्याला लागलीं म्हणजे मगच फांद्या पसरतें. मला त्याचा हा हिशेबीपणा फार आवडला.

सूर्य वर आला तसा कातळ निळसर करड्याचा जांभळा, जांभळ्याचा तांबडा झाला. दगड मुळांत करडाच. त्यांतील लोखंडास हवेनें चढलेला गंज म्हणजे हा रंग. ज्याला आपण सौंदर्य म्हणून छायाचित्रांत भरून नेतों तो गंज आहे, हें कळल्यानेंहि माझा आनंद उणा झाला नाहीं.

१८७३ सालीं गॉस नांवाचा गोरा भूमापक येथें आला व दक्षिण ऑस्ट्रेलियाचे एक अधिकारी सर हेन्री एअर्स यांचें नांव त्यानें या खडकास देऊन टाकलें. खडकाला नांव नव्हतें असें नाहीं. पण विचारण्याची पद्धत नव्हती. गॉसबरोबर शिखरावर चढला तो कामरान नांवाचा उंटवाला. या रानांत उंटांवांचून गति नव्हती, आणि उंट व उंटवाले आणले जात ते आपल्या बाजूनें. १८६६ च्या सुमारास तर शंभरांहून अधिक उंटांचा तांडा कराचीच्या बंदरांतून निघाला, आणि कराची त्या काळीं मुंबई इलाख्यांत होती. तेव्हां उलुरूच्या अंगावर पडलेल्या परक्या पावलांत आपल्याहि बाजूचीं थोडीं आहेत.

या भूमीचे मूळ धनी आनंगू लोक. १९८५ सालच्या २६ ऑक्टोबर रोजीं सरकारनें ही जमीन त्यांना समारंभानें परत केली, आणि त्याच दिवशीं त्यांनीं ती ९९ वर्षांच्या पट्ट्यानें सरकारच्या उद्यान खात्यास द्यावी असें ठरलेलें होतें. घर मिळालें, परंतु भाडेकरू घरांतच राहिला. तरीहि कारभाराच्या मंडळांत आनंगूंचें बहुमत आहे, आणि त्या मंडळानें २०१७ सालीं ठराव करून २६ ऑक्टोबर २०१९ पासून कातळावर चढणें बंद केलें. त्यापूर्वीं अनेक वर्षें पायथ्याशीं 'कृपा करून चढूं नका' अशी विनंतीची पाटी होती. ती वाचून लोक शेजारची सांखळी धरून चढत. आनंगू त्यांना 'मिंगा' म्हणत, म्हणजे मुंग्या. चढतांना पस्तिसांहून अधिक माणसें मेलीं, आणि आपल्या घरीं आलेला पाहुणा दगावल्याचें दुःख या लोकांनीं प्रत्येक वेळीं अंगावर घेतलें. सांखळी आतां काढली आहे. पावलांनीं घासून निघालेला फिकट पट्टा मात्र खालून स्पष्ट दिसतो. चढावयाचें नाहीं म्हणजे फिरावयाचें, सभोंवतीं. त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीची फेरी करणाऱ्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

पायथ्याशीं आम्हांला एक आनंगू आजी व त्यांची तरुण दुभाषी मुलगी भेटल्या. आजी पिजंजारा भाषेंत बोलत. त्या वाळूंत बसल्या, एका काटकीनें रेघा ओढूं लागल्या, आणि माला लोकांची कथा सुरू झाली. माला हा सशाएवढा, कांगारूच्या कुळांतील प्राणी. त्या आद्य काळीं प्राणी व माणूस हा भेद नव्हता. माला लोक उत्तरेकडून आले व त्यांनीं येथें मोठा विधि आरंभिला. इतक्यांत पश्चिमेकडील लोकांचें त्यांच्या विधीस येण्याचें आमंत्रण आलें. आरंभिलेलें कार्य अर्धवट टाकतां येत नाहीं, असें मालांनीं कळविलें. त्या अपमानानें पश्चिमेकडच्यांनीं एक क्रूर कुत्रा निर्माण करून सोडला. खंड्या पक्षीणबाईनें सावध केलें, परंतु कोणी ऐकलें नाहीं. कित्येक मारले गेले, उरलेले दक्षिणेकडे पळाले. कातळावरील खळगे व भेगा या त्या दिवसाच्या खुणा. प्रवासी चढत तो मार्ग या माला पुरुषांच्याच वाटेवरून जात असे. प्रत्यक्ष माला प्राणी या परिसरांतून नाहींसा झाला होता. २००५ सालीं त्याला कुंपण घालून येथें पुन्हां वसविलें. या कथांच्या समुच्चयास व त्यांतून निघणाऱ्या धर्मास 'जुकुर्पा' म्हणतात. कायदा, भूगोल, नातीं आणि कोणत्या पाण्यावर कोणाचा हक्क हें सर्व त्यांतच येतें.

आमच्यांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनीं पलीकडच्या घळीकडे बोट दाखवून विचारलें, "तेथें काय घडलें?" मुलीनें प्रश्न पोंचविला. आजी पुष्कळ वेळ बोलल्या. हातवारे झाले, काटकी दोनदां आपटली. आम्ही कान टवकारले. मुलगी वळून म्हणाली, "तें सांगावयाचें नाहीं, असें आजी म्हणतात." एवढ्या भाषणाचें एवढेंच भाषांतर ऐकून मंडळी हंसली, आजीहि हंसल्या. पुढें त्या घळीजवळ छायाचित्र घेऊं नये अशी पाटी लागली. तेथील दगडाचा आकार हीच कथा असल्यामुळें चित्र नेणें म्हणजे कथा नेणें होय. आम्हांला सांगितली ती लहान मुलांना सांगतात तेवढी. पुढचें ज्याचें त्याच्या अधिकाराप्रमाणें.

'अधिकार' हा शब्द मनांत आला आणि मी अस्वस्थ झालों. ज्ञानाला कुलूप घालण्याची कला आपल्याला कोणी शिकवावयास नको. शूद्रानें वेद ऐकूं नये, स्त्रीनें उच्चारूं नये, ही आपलीच व्यवस्था. तीविरुद्ध ज्यांनीं कष्ट सोसले त्यांना आपण आज नमस्कार करतों. १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा घालणाऱ्या जोतीराव फुल्यांची तसबीर ज्याच्या घरांत आहे, त्यानें आजींच्या मौनापुढें मान तुकवावी काय? चालतां चालतां मीं या प्रश्नास जमेल तेवढें उत्तर शोधलें. आपल्याकडे कुलुपाच्या आंत बसलेल्यांच्या हातीं जमीन, मान व दंड हीं सर्व होतीं. बाहेरच्यास कांहींच नव्हतें. येथें बायकांच्या कथा पुरुषांना बंद आहेत तशा पुरुषांच्या बायकांना. अगदींच रिकाम्या हाताचें कोणी नाहीं. शिवाय ज्याला एखाद्या स्थळाची कथा ठाऊक, त्याच्यावर त्या स्थळाची राखण करण्याचा भार. मी ऐकून घरीं जाणार. राखण कोण करणार? तरीहि शंका पुरती फिटली नाहीं. पुढच्या पिढींत ऐकावयास योग्य असें कोणी नसलें तर ती कथा म्हाताऱ्या माणसाबरोबरच जाईल, आणि मला यांत हानि दिसते. ही हानि पत्करावयाची कीं नाहीं हें ठरविणारा मी नव्हे, इतकें मात्र समजतें.

दक्षिण बाजूस मुतिजुलूचा पाणवठा आहे. कुनिया नांवाच्या अजगरस्त्रीनें आपल्या भाच्याचा वध करणाऱ्या विषारी लिरू सर्पास येथें खणण्याच्या काठीनें ठार केलें; कातळावरील दोन उभ्या चिरा म्हणजे तिचे दोन घाव. ही कथा आजींनीं मोकळेपणानें सांगितली. याच पाणवठ्यापाशीं १९३४ सालीं एका पोलिसानें, पळून गुहेंत दडलेल्या एका आनंगू पुरुषास गोळी घातली. मृताची कवटी ॲडलेडच्या संग्रहालयांत गेली व २०२२ सालीं परत आणून पुरण्यांत आली. ही दुसरी कथा आजींनीं सांगितली नाहीं. ती मीं पुस्तकांत वाचली होती. ती मात्र गुप्त नव्हे. ती सांगण्याचें काम आमच्यासारख्यांचें. पाणवठ्यावर उन्हाचे कवडसे हालत होते व पोरें खडे टाकीत होतीं.

दुपारीं काटा जुटाकडे निघालों. नांवाचा अर्थ 'पुष्कळ डोकीं'. छत्तीस घुमट, सर्वांत उंच तो जमिनीपासून ५४६ मीटर, म्हणजे उलुरूहूनहि मोठा. तिकडे आजी आल्या नाहींत. आमचा चालक म्हणाला, "येथील कथा पुरुषांच्या आहेत, आणि त्यांतहि दीक्षा झालेल्यांच्या. मला त्या ठाऊक नाहींत." मग त्यानें भूगर्भशास्त्र सांगितलें: सुमारें ५५ कोटी वर्षांपूर्वीं डोंगरांवरून वाहून आलेले गोटे येथें साचून घट्ट झाले. गोटे अजूनहि भिंतींत रोंवलेले दिसतात, चुन्यांत बसविल्यासारखे. दोन घुमटांमधील वालपा खिंडींत आम्ही चालत गेलों. वालपा म्हणजे वारा, आणि तो होताच. दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतें ऊन, खालीं ओला दगड, थोडें हिरवें गवत. बायका, पुरुष, पोरें सर्व चाललीं होतीं. कोणी कोणास कांहीं समजावून सांगत नव्हतें. मला वाटतें त्या दिवशीं मीं खरोखर पाहिलें तें तेथेंच.

शिक्षक सर्वांच्या पुढें होते. खिंडीच्या टोंकाला ते बराच वेळ उभे राहिले. परत आल्यावर त्यांनीं चालकास एकच प्रश्न विचारला, पाणी कोठें भरावयाचें. त्यानें टाकी दाखविली.