‘अस्पर्श’ डॉमिनिका

डॉमिनिकाच्या जाहिरातींत ‘अस्पर्श’ हे विशेषण हमखास भेटते. लोदा गावाहून उकळत्या सरोवराकडे जाताना तेच आम्हांला खटकू लागले. वाट निसरडी, चढउतारांनी दमवणारी. मग एकाएकी झाडी सरते आणि गंधकाच्या उग्र वासाची, पिवळी-करडी, वाफाळती दरी समोर येते. तिच्यापलीकडे सुमारे साठ मीटर रुंदीचे ते राखाडी पाणी, खदखदणारे! एरवी तासभर अखंड बोलणारे आम्ही प्राध्यापक तेथे गप्प झालो. (दम लागला होता, हेही खरेच.)

पण अस्पर्श कसे? याच डोंगरांच्या आडोशाने कालिनागो टिकले, मळ्यांतून निसटलेले गुलाम लपले. उभ्या कड्यांनी ऊसमळ्यांना फारसा वाव दिला नाही, म्हणून रान उरले. कालिनागो या बेटाला वाइतुकुबुली म्हणत, म्हणजे ‘उंच तिची काया’. कोलंबसाला ते १४९३ मध्ये रविवारी दिसले, तेवढ्यावरून त्याने ‘डॉमिनिका’ हे नाव ठेवले! १९०३ साली कालिनागोंना राखीव प्रदेश मिळाला, तोही वसाहतीच्या सरकारकडून. आणि सप्टेंबर २०१७ मधील मारिया वादळाने हे सारे रान ओरबाडून काढले होते. वाटाड्या मोडके बुंधे दाखवीत होता. आम्ही डोळे भरून पाहिलेली हिरवाई बरीचशी त्यानंतर फुटलेली.