नानीचा तावीज

अम्मीची कंबर दोन महिने दुखत होती. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तशी ती म्हणाली, "उसमें एटम रहता है बोलते. मेरे को नहीं जाना." घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. चार वर्षांपूर्वी अब्बा असेच त्या खोलीच्या दारातून परत फिरले होते. वीस वर्षं मुलांना शिकवणाऱ्या मलाही तेव्हा त्यांना काही समजावून सांगता आलं नव्हतं.

माझी भाची नागपूरच्या मेडिकलमध्ये एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला विचारलं. "खाला, टी-वनमध्ये पाणी काळं, टी-टूमध्ये पांढरं," तिने घडाघडा सांगितलं. "का?" म्हटल्यावर गप्प. मग आठवडाभर रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघी तिचं पुस्तक उघडून बसलो.

कळलं ते असं. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, चिमुकल्या लोहचुंबकासारखं वागतं. अम्मीचा 'एटम' तो हाच, आपल्याच अंगातला! पूर्वी या तंत्राच्या नावात 'न्यूक्लिअर' होतं. लोक घाबरतात म्हणून दवाखान्यांनी तो शब्द गाळला. 1.5 टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या सुमारे तीस हजार पट असतं. त्यात किंचित जास्त प्रोटॉन एका दिशेला झुकतात. मग सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतात आणि प्रोटॉन एका तालात फिरू लागतात. त्यांच्याकडून येणाऱ्या क्षीण संदेशातून चित्र तयार होतं. यात एक्स-रे नसतात.

टी-वन आणि टी-टू समजायला शाळेतलं लेझीम कामी आलं. शिट्टी वाजली की सगळी मुलं एका ठेक्यात नाचतात. शिट्टी थांबली की शेजाऱ्यांच्या धक्क्यांनी ठेका बिघडत जातो. त्याला लागणारा वेळ म्हणजे टी-टू. प्रत्येकाला आपल्या मूळ जागी परतायला लागणारा वेळ म्हणजे टी-वन. पाण्यात दोन्ही गोष्टी सावकाश होतात. म्हणून पाणी टी-टूत पांढरं आणि टी-वनमध्ये काळं दिसतं. मणक्यांमधली गादी सुकली की टी-टूवर ती काळी पडते. भाची म्हणाली, "आता पाठ करायची गरजच नाही."

धोका किरणांचा नाही, चुंबकाचा आहे. तो सहसा कधीच बंद नसतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला.

अम्मीच्या गळ्यात पत्र्याच्या खोळीतला तावीज होता. 'नियम आहे, काढा' एवढंच कुणी म्हटलं असतं तर ती उठून घरी आली असती. भाची तिच्याजवळ बसली. "नानी, अंदर बहुत बड़ा मकनातीस है, लोहा खींचता है. तावीज मेरे हाथ में दो, मैं बाहर लेके बैठती हूँ. आवाज जोर की आएगी, वो तारों में करंट बदलने की है, डरना नहीं."

अम्मीने तावीज काढून दिला आणि आत गेली. बाहेर आम्ही दोघी बसून होतो. मला अब्बा आठवत होते. त्यांनाही एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.