शोफरला कोणी मारले?

काही चित्रपट असे असतात की, ते पाहून उठलेली मंडळी घर येईपर्यंत भांडत राहतात. हॉवर्ड हॉक्स यांनी दिग्दर्शित केलेला 'द बिग स्लीप' हा त्या जातीचा आहे. १९४६ च्या ऑगस्टमध्ये वॉर्नर ब्रदर्सने तो प्रदर्शित केला, तेव्हापासून प्रेक्षकांत जे दोन तट पडले आहेत ते अद्यापि मिटलेले नाहीत. एक पक्ष म्हणतो, यात कोणी कोणाचा खून का केला याचा थांगपत्ता लागत नाही. तेव्हा हा रहस्यपटच नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, हंफ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल समोरासमोर उभी असता कथानकाची विचारपूस करणारा मनुष्य अरसिक समजावा. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे टीकाकार बॉझ्ली क्राउदर हे पहिल्या पक्षाचे आद्य वकील. या गुंतागुंतीने बुद्धी चक्रावून जाते अशी तक्रार त्यांनी चित्रपट लागताच छापून टाकली. परंतु दुसऱ्या पक्षाचे संख्याबल वर्षानुवर्षे वाढत गेले, आणि १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत या कृतीचे नाव सन्मानाने दाखल झाले.

आम्ही जन्मतःच पहिल्या पक्षाचे. ज्याच्या शाळेच्या सुट्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर गेल्या, त्याला शेवटच्या पानावर धनंजयाने साऱ्या प्रकरणाचा उलगडा केला नाही तर पैसे बुडाल्यासारखे वाटणारच. पुढे शेरलॉक होम्स भेटला. त्यानेही ही खोड वाढवलीच. त्यानंतर अॅरिस्टॉटल शिकवण्याचा पेशा पत्करला, आणि मग तर काय, बालपणीच्या खोडीला शास्त्राधारच मिळाला! कार्यामागे कारण असलेच पाहिजे, हे वाक्य आम्ही गेली पंचवीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो आहो.

आता या चित्रपटातील गोंधळ अगदीच अकारण नाही, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. रेमंड चँडलर यांची मूळ कादंबरी १९३९ ची. तीत गायगर नावाचा गृहस्थ दुर्मीळ ग्रंथांच्या दुकानाआड अश्लील पुस्तके भाड्याने देतो. हॉलिवुडच्या तत्कालीन नीतिसंहितेपुढे ही गोष्ट पडद्यावर उघड बोलणे शक्य नव्हते. त्यामुळे त्या दुकानात नेमके काय विकले जाते आणि सारेजण एका छायाचित्रासाठी एवढे कासावीस का होतात, हे प्रेक्षकाने आपल्या मनाशीच ताडावे अशी व्यवस्था झाली. दुसरे कारण याहून मौजेचे आहे. चित्रपटाची एक प्रत १९४५ मध्येच तयार झाली होती व ती सैनिकांना दाखवण्यातही आली होती. तीत एका सरकारी वकिलाच्या कचेरीत गुप्तहेर फिलिप मार्लो सारे प्रकरण नीट उजळणी करून सांगतो. पण मधल्या काळात बोगार्ट आणि बकॉल यांचा विवाह झाला होता आणि या जोडीचे आकर्षण वाढले होते. तेव्हा १९४६ च्या जानेवारीत दोघांचे नवे प्रवेश चित्रित केले गेले, आणि ती उजळणी कात्रीखाली गेली. तिच्या जागी उपाहारगृहात बसून दोघे घोड्यांच्या शर्यतीविषयी द्व्यर्थी बोलतात. जुनी प्रत १९९७ साली पुन्हा लोकांपुढे आली. आम्ही ती मोठ्या आशेने पाहिली. उलगडा होता, पण तो ऐकताना आम्हांस चक्क जांभई आली! ही कबुली पहिल्या पक्षातील आमच्या मित्रांच्या कानी न जावी.

पण या साऱ्या वादात प्रेक्षकांचे सर्वांत आवडते अस्त्र आहे ते शोफरचे. जनरल स्टर्नवुड या वृद्ध धनिकाच्या घरचा शोफर ओवेन टेलर हा मोटारीसह समुद्रात मेलेला सापडतो. धनिकाची धाकटी मुलगी कार्मेन हिच्यावर त्याचे मन होते. तिची अब्रू वाचवण्यासाठी त्याने गायगरला गोळी घातली. मग जो ब्रोडी नावाच्या माणसाने त्याला गाठून डोक्यात तडाखा दिला व छायाचित्राची काच हिसकावली. एवढे कळते. पण मोटार पाण्यात कशी गेली? खून की आत्महत्या? चित्रीकरण चालू असता हाच वाद निघाला, तेव्हा खुद्द चँडलर यांना तार करून विचारण्यात आले, आणि ते आपल्यालाही ठाऊक नाही असे त्यांनी कळवले. ही हकीकत त्यांनीच पुढे एका पत्रात लिहून ठेवली आहे. तेव्हापासून ही तार म्हणजे दोन्ही पक्षांचा हुकमाचा एक्का झाली. पहिला पक्ष ती दाखवून म्हणतो, 'पाहा, लेखकालाही ठाऊक नाही!' आणि दुसराही नेमके तेच म्हणतो, फक्त हसून. आम्ही स्वतः ही गोष्ट वर्गात किती वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी किती हशा पिकला असेल, याची गणती नाही.

गेल्या दिवाळीत चिरंजीव घरी आले होते. त्यांच्या आग्रहास्तव आम्ही तिघांनी हा चित्रपट पुन्हा पाहिला. मार्लोचा पोलिसांतील मित्र बर्नी ओल्स त्याला समुद्रातील मोटारीची वार्ता देतो तेथे आम्ही चित्र थांबवले आणि सवयीप्रमाणे तारेची कथा सांगितली. चिरंजीव हसले. सौ. हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, पण त्याच्या घरी कोणी कळवले का?"

आम्ही म्हणालो, "कोणाच्या?"

"त्या ड्रायव्हरच्या."

आम्ही चित्र मागे नेऊन पुन्हा पाहिले. ओल्स आधी मोटारीची वार्ता देतो, आणि ती कोणाच्या मालकीची हे सांगतो. मग जाता जाता आठवल्यासारखे करून आत एक माणूसही आहे असे म्हणतो. हे वाक्य आम्ही आजवर विनोदी म्हणून ऐकत आलो होतो. पुढे सारा चित्रपट संपला, तरी त्या माणसाच्या घरी कोणी निरोप नेल्याचे कोठेही दिसले नाही. नाहीसा झालेला शॉन रेगन कोठे गेला याची तळमळ जनरलला आहे, कारण तो त्यांच्या मर्जीतला. मार्लोला दिवसाला पंचवीस डॉलर आणि वरखर्च मिळतो, तो जनरलच्या घराण्याची लाज राखण्यासाठी. टेलरसाठी त्याला पैसे देऊन नेमणारा कोणीच नाही. आणि आम्ही प्रेक्षक? गेली ऐंशी वर्षे आम्ही तो कसा मेला एवढेच विचारीत आहो.

सौ.च्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो, त्याला आणखी एक कारण होते. हे आम्ही पूर्वी वाचलेले होते. सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही आपल्या विद्यार्थ्यांस हा चित्रपट दाखवून त्याच्या कथानकातील दोष लिहून आणण्यास सांगितले होते. बहुतेकांनी आमचीच व्याख्याने आम्हांस परत केली. एका मुलीने मात्र पानभरच लिहिले होते: शोफरचा मृत्यू हा कथानकातील दोष नसून चित्रपटातील सर्वांत खरी गोष्ट आहे, कारण अशा माणसांच्या मृत्यूचा छडा कोणी लावीतच नाही. आम्ही तिला, प्रश्न सोडून लिहिले आहे, असा शेरा दिला होता.

तिचे म्हणणे सर्वस्वी खरे आहे असे आम्ही आजही म्हणणार नाही. याच चित्रपटात हॅरी जोन्स नावाचा एक क्षुद्र, ठेंगणा माणूस आपल्या प्रेयसीचा ठावठिकाणा लपवून ठेवून विष पितो आणि मरतो. भिंतीपलीकडून ते ऐकणारा मार्लो त्याची आठवण मात्र वाया जाऊ देत नाही. त्याने तुझ्यासाठी प्राण दिले, हे तो त्या बाईला सांगितल्यावाचून राहत नाही. एलिशा कुक यांनी ती भूमिका अशी केली आहे की, ती पाहिल्यावर हा चित्रपट निर्दय आहे असे कोणाच्याने म्हणवणार नाही. म्हणजे हॉक्स यांना लहान माणसाचा मृत्यू दिसत नव्हता असे नव्हे. मग टेलरचाच तेवढा कसा निसटला? याचे उत्तर पटकथेवर फॉकनर, ली ब्रॅकेट व फर्थमन असे तिघांचे हात फिरले होते यात शोधावे की कादंबरीकाराच्या विस्मृतीत, हा वाद त्या मुलीशी घालण्यासारखा होता. तो आम्ही घातला नाही. शेरा मारून मोकळे झालो.

त्या वर्षीचे कागद केव्हाच रद्दीत गेले आहेत. गुणांची वही तेवढी कपाटाच्या तळाशी सापडली. तिच्या नावापुढे दहापैकी चार. आम्ही ते सौ.ना दाखवले. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली, वही मिटली, आणि विचारले, "मग तिला तरी कळवणार का?"

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या कचेरीतून जुना दूरध्वनी क्रमांक मिळवला. त्यावर आता एक अनोळखी गृहस्थ बोलतात. त्यांनी दोनदा नाव विचारले, आणि अशा नावाचे येथे कोणी नाही असे मोठ्या सौजन्याने सांगितले.