विश्वासाची ठेव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. आम्हीही वेदीवरून हाच उपदेश अनेकदा केला आहे. वाटेत असतानाच प्रतिपक्षाशी समेट कर, या प्रभूच्या शिकवणुकीचा आधार घेऊन आम्ही कित्येक भावाभावांना गडहिंग्लजच्या न्यायालयाच्या फाटकातून माघारी आणले आहे. कधी यश आले, कधी आले नाही. त्यामुळे आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने बारावीनंतर वकिलीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले, तेव्हा चार घरांत जी कुजबुज झाली तिचे आम्हांला नवल वाटले नाही. नर्सिंग, शिक्षकी, बँक या आपल्या मुलींच्या मळलेल्या वाटा. खटल्यांच्या चिखलात ही कशाला उतरते, असे तिच्या आजीने आम्हांला डोळ्यांत पाणी आणून विचारले होते. काका बाप्टिस्टा हे आपल्याच समाजाचे बॅरिस्टर होते आणि १९१६ साली आपल्याला जवळच्या बेळगावात होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते, हे आम्ही त्या माउलीला सांगून पाहिले. तिचे समाधान झाले नाही.

त्या मुलीच्या चार आठवड्यांच्या उमेदवारीविषयी येथे लिहावयाचे आहे. तिच्या अनुमतीने लिहीत आहोत. ज्या कुटुंबाचा उल्लेख पुढे येईल त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही हेतुपुरस्सर बदलले आहेत. असे का केले, हे लेख वाचून झाल्यावर वाचकांना आपोआप कळेल.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याने एकूण वीस आठवडे आणि तीन वर्षांचा घेणाऱ्याने बारा आठवडे प्रत्यक्ष काम पाहावे लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. वकील, न्यायालये, लॉ फर्म, कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था असे कोठेही जाता येते. पांढरा सदरा, काळा कोट, काळा टाय असा वेष; आणि रोज काय पाहिले याची डायरी लिहावयाची, ती पुढे प्राध्यापक तपासतात. तिच्या मैत्रिणी मुंबई-पुण्याच्या मोठमोठ्या लॉ फर्ममध्ये गेल्या. हिनेही अर्ज केले होते, परंतु एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही. खिन्न होऊन ती आमच्याकडे आली. गडहिंग्लजमधील एका ज्येष्ठ वकिलांशी आमचा परिचय होता. आम्ही शब्द टाकला, त्यांनी तो मानला. आम्ही शब्द टाकला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमच्या अपराधाचे मूळ तेथेच आहे.

२०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाची उन्हाळी सुट्टी संपली आणि तिचे काम सुरू झाले. मैत्रिणी काचेच्या इमारतींतून छायाचित्रे पाठवीत. ही भर पावसात छत्री सावरीत दोन खोल्यांच्या ऑफिसात जाई. पहिल्या आठवड्यात कायद्याचे म्हणावे असे काहीच तिच्या वाट्याला आले नाही. फायलींवर नव्या तारखा घालणे, नकलांचे अर्ज लिहिणे, कोर्ट-फीचे तिकीट आणणे, सकाळी बोर्डावर आपले दावे कितव्या क्रमांकाला लागले आहेत ते पाहणे, पुकारा झाला की पक्षकाराला हाक मारणे. ऑफिसातले वृद्ध कारकून तिचे खरे गुरू झाले. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना कसा वाचावा, फेरफाराचा क्रमांक धरून मागे मागे कसे जावे, वकालतनाम्यावर सही कोठे घ्यावी, हे त्यांनी शिकविले. एका जुन्या फाईलमध्ये मोडी लिपीतले कागद निघाले. ते तिला वाचता येईनात. "पुस्तकात वाचलेला कायदा आणि पेटीतून निघालेला कागद यांची लिपीसुद्धा वेगळी आहे," असे त्या संध्याकाळी तिने डायरीत लिहिले.

वकीलसाहेबांनी पहिल्या दिवशी एकच सूचना केली होती : "इथे जे कानांवर पडेल, ते पायरीखाली न्यायचे नाही. घरी नाही, मैत्रिणीला नाही, डायरीतसुद्धा नावानिशी नाही."

आपला भाग सीमेवरचा. संकेश्वर ओलांडले की कानडी मुलूख. तिची आई बेळगावकडील असल्यामुळे तिला कानडी उत्तम येते. दुसऱ्या आठवड्यात एक वृद्ध बाई आल्या. त्यांना मराठी समजे, पण मनातले दुःख मराठीत सांगता येईना. त्यांचे बोलणे मराठीत सांगण्याचे काम हिच्याकडे आले. तासभर ती दोन माणसांच्या मधोमध बसून एकीचे शब्द दुसऱ्याच्या हवाली करीत होती. आम्हांला तिने पुढे एवढेच सांगितले की, त्या दिवशी आपण प्रथमच वकील झालो असे तिला वाटले. बाई काय बोलल्या ते तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. हे आम्ही पुढच्याच आठवड्यात विसरलो.

त्या आठवड्यात धर्मग्रामातील एक विधवा भगिनी आमच्याकडे आली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, पदरी एक मुलगा व एक मुलगी. सासऱ्यांच्या नावची जमीन दोघा भावांत वाटली गेलेली नव्हती. आता थोरला दीर म्हणू लागला की, वडिलांनी मृत्युपत्र करून सारी जमीन मलाच दिली आहे. ते मृत्युपत्र कोणी पाहिलेले नव्हते. "फादर, असला कागद खरोखर आहे की मला नुसतीच भीती घालताहेत, एवढे तरी मला कोणी सांगेल का?" ती रडत होती. बोलता बोलता तिने सांगितले की, दिराला आपण अमुक वकिलांच्या ऑफिसात जाताना पाहिले आहे. ते ऑफिस म्हणजे आमच्या विद्यार्थिनीचेच.

अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेचा दृष्टान्त आम्ही असंख्य वेळा समजावून सांगितला आहे. या वेळी ती विधवा आमच्याच दाराशी उभी होती. तिला रिकाम्या हाताने पाठवू नये असे आम्हांला मनापासून वाटले. आणि सद्हेतूच्या आड माणूस काय काय करू शकतो, याचा प्रत्यय आम्ही स्वतःच दिला.

रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही त्या मुलीला कार्यालयात बोलावले. एका गरीब बाईच्या भल्याचा प्रश्न आहे, अशी प्रस्तावना केली. मग म्हणालो, "फाईल दाखव असे आम्ही म्हणत नाही. मृत्युपत्र आहे की नाही, एवढेच सांग."

ती गप्प राहिली. टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिली. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाली, "फादर, मला ते सांगता येणार नाही. ते लोक आमच्या ऑफिसात येतात की नाही, हेसुद्धा नाही. हो किंवा नाही म्हटले, तरी ते सांगितल्यासारखेच होईल."

आम्ही दुखावलो. "वकीलसाहेबांकडे तुझ्यासाठी कोण बोलले होते?" असे शब्द आम्ही उच्चारले नाहीत, पण आमच्या स्वरात ते होते आणि तिला ते ऐकू गेले. तिचे ओठ थरथरले. ती उठली, "येते फादर," म्हणाली आणि पावसातच निघून गेली. तिची छत्री आमच्या दारातच राहिली.

रात्री झोप येईना. सेमिनरीत असताना कॅनन लॉ शिकविणारे आमचे प्राध्यापक पापनिवेदनाच्या गुप्ततेवर तीन तास घेत असत. उठून आम्ही १९८३ ची विधिसंहिता काढली आणि ९८३ वा नियम वाचला. पहिला परिच्छेद तोंडपाठ होता : पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने शब्दाने वा अन्य रीतीने, कोणत्याही कारणास्तव, पश्चात्तापी व्यक्तीचा विश्वासघात करता कामा नये. दुसरा परिच्छेद मात्र आम्ही कित्येक वर्षांत वाचला नव्हता. दुभाषी असल्यास त्याच्यावर, आणि अन्य कोणत्याही मार्गाने ज्यांच्या कानी ते निवेदन आले असेल त्या सर्वांवर, गुप्तता पाळण्याचे बंधन आहे. म्हणजे मधोमध बसणाऱ्या माणसावरही.

पुढे त्या मुलीनेच आम्हांला दाखविले की, देशाचा कायदाही जवळजवळ याच वाटेने गेला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातील १२६ वे कलम वकिलाला पक्षकाराची गोष्ट उघड करण्यास मनाई करीत होते, आणि १२७ वे कलम तेच बंधन दुभाष्यांना, कारकुनांना आणि नोकरांना लावीत होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद १३२ व्या कलमात आहे. विद्यार्थी हा शब्द तेथे नाही. पण कारकुनाने पाळावयाचे मौन उमेदवार मुलीने मोडावे, असे कोण म्हणेल? दोहोंत एक मोठा भेद आहे. बेकायदेशीर हेतू पुढे नेण्यासाठी वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला कायद्याचे हे संरक्षण नाही. पापनिवेदनाच्या मुद्रेला अपवादच नाही. परंतु दोन्हींच्या तळाशी गोष्ट एकच आहे. संकटातला मनुष्य कोठे तरी निर्भयपणे बोलू शकला पाहिजे. त्याचे शब्द ही त्याची ठेव असते. चांगल्या कामासाठी का होईना, दुसऱ्याची ठेव मोडणारा मनुष्य विश्वासू राहत नाही.

आणखी एक विचार त्या रात्री मनाला टोचत राहिला. तो दीरही आमच्याच धर्मग्रामातला. दर रविवारी तोही त्याच वेदीसमोर गुडघे टेकतो. त्याच्या पाठीमागे त्याचे कागद चाचपू पाहणारा मेंढपाळ त्याचा कोण लागत होता?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही छत्री घेऊन तिच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. तिची आजी चकित होऊन पाहत होती. मुलगी म्हणाली, "फादर, मलाही रात्रभर झोप नव्हती. वाटले, तुम्हांलाच नाही म्हणायचे तर हे शिक्षण नकोच." थोड्या वेळाने तिने डोळे पुसले व म्हणाली, "पण एक गोष्ट मी कोणालाही सांगू शकते, कारण ती फाईलमध्ये नाही, पुस्तकात आहे. स्त्रियांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा."

आम्ही पंचवीसहून अधिक वर्षे धर्मगुरू आहोत आणि हे आम्हांला ठाऊक नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू. त्याच्या १२ व्या कलमात स्त्रियांचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. तसेच, विधवेला केवळ पोटगी मिळते, जमीन नाही, हा जो समज आपल्या अनेक घरांत आहे, तोही चुकीचा आहे. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. मृत्युपत्र न करता नवरा वारला आणि मुलेबाळे असली, तर त्याच्या मालमत्तेचा एक-तृतीयांश पत्नीला व दोन-तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी असा भेद न करता मिळतो. आम्ही त्या भगिनीला सोबत घेऊन अर्ज दिला. तिला वकील मिळाले. मृत्युपत्र असेल तर दिराला ते न्यायालयासमोर आणावे लागेल आणि शाबीत करावे लागेल, हे तिला त्यांनी समजावून सांगितले. जे आम्ही आडवाटेने काढू पाहत होतो, ते मागण्याचा राजमार्ग तिला उघडाच होता.

संत आल्फोन्स लिगोरी यांचे चरित्र आम्ही त्यानंतर पुन्हा वाचले. ते १६९६ साली नेपल्सजवळ जन्मले, सोळाव्या वर्षी कायद्याचे डॉक्टर झाले आणि १७२३ साली एक मोठा खटला हरून वकिली सोडून बाहेर पडले. एका कागदाचा अर्थ त्यांच्या नजरेतून निसटला होता, असे चरित्रकार सांगतात. पुढे ते धर्मगुरू झाले. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते घोषित केले. वकिलाच्या खोलीतून निघालेला मनुष्य पापनिवेदन ऐकणाऱ्यांचा वाटाड्या व्हावा, याचा अर्थ पूर्वी आम्हांला उमगला नव्हता.

चार आठवडे संपले. तिच्या डायरीच्या शेवटच्या पानावर वकीलसाहेबांनी सही केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, १८ ऑगस्ट २०२५ पासून, मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज कोल्हापुरात सुरू झाले; अपिलासाठी सहा जिल्ह्यांच्या माणसांना जी मुंबई गाठावी लागे, ती वाट जवळ आली. पुढची उमेदवारी तेथे करण्याचा तिचा विचार आहे. आता तिची आजी आडून आडून विचारते की, काळा कोट शिवायला किती पडतात.

दावा अद्याप चालू आहे. तारखा पडतात. ती भगिनी आता बोर्ड स्वतः वाचते आणि पुकाऱ्याला स्वतः उभी राहते. दीर आणि ती, दोघेही रविवारी येतात. वेगवेगळ्या बाकांवर बसतात. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की आमचे लक्ष त्या दोन बाकांकडे जाते. समेटासाठी आम्ही प्रार्थना करतो आणि दोघांशीही उघडपणे बोलतो.

त्या फाईलमध्ये काय होते, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. ती मुलगी आली की आम्ही तिला अभ्यासाविषयी विचारतो, ऑफिसातल्या वृद्ध कारकुनांची खुशाली विचारतो, आणि तेथेच थांबतो.